घरच्या घरी वॉक-इन शॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं बाथरूम ४ बाय ७ फुटांचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला बाथरूमचा चार इंची उंबरा ओलांडणं जमेना. तेव्हा उंबरा काढून, एका बाजूला काच लावून सरळ चालत आत जाता येईल असा शॉवर करायचं ठरवलं. बरंचसं काम स्वतः केलं, काही चुकलं, थोडं दुसऱ्यांदा करावं लागलं. त्यानंतर बिल्डिंगमधल्या लोकांनी आणि नातेवाइकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

वॉक-इन शॉवर म्हणजे नेमकं काय? आपली मोरी काय वेगळी होती?

प्रश्न खवचट आहे, पण बरोबर आहे. मोरीत आपण चालतच जायचो. वॉक-इन शॉवर म्हणजे दार नसलेली, टब नसलेली, पाय उचलून आत जावं लागणार नाही अशी अंघोळीची जागा. मोरीत पाणी सगळीकडे जायचं, इथे ते एका भागातच राहतं आणि कमोड-बेसिनची बाजू कोरडी राहते. पाणी तिथेच ठेवायचं काम दोन गोष्टी करतात: काच आणि ढाळ, म्हणजे जमिनीचा उतार. काच सगळ्यांना दिसते म्हणून लोक तिच्याबद्दल विचारतात. ढाळाबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

हे काम खरंच स्वतः करता येतं का?

काही भाग येतो. जुनी लादी काढणं, ढाळाची खूण मारणं, वॉटरप्रूफिंगचे कोट, पाणी भरून तपासणी, नवी लादी लावणं, फटी भरणं ही कामं मी केली. संकमधला, म्हणजे बाथरूमखालच्या खड्ड्यातला, कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव) भरायला गवंडी होता, भिंतीतले पाइप प्लंबरने टाकले, गीझरची वायरिंग इलेक्ट्रिशियनने केली आणि काच काचवाल्याने बसवली.

कारागिराच्या दोन दिवसांच्या कामाला मला सहा दिवस लागले, हे आधीच सांगतो. नाक्यावर गवंडी मिळत असताना कशाला मरतोयस, असं सासरे म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण वॉटरप्रूफिंगचा दुसरा कोट पहिला सुकेपर्यंत थांबून मारायचा असतो, आणि ज्याला संध्याकाळी दुसऱ्या साइटवर पोचायचंय तो थांबत नाही. मी थांबलो. स्वतः करण्याचा खरा फायदा तेवढाच.

सोसायटीची परवानगी लागते का? महापालिकेची?

सोसायटीची लागते. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. त्यात काय फोडणार, किती दिवस चालणार आणि डेब्रिज, म्हणजे राडारोडा, कुठे जाणार हे लिहा. बहुतेक सोसायट्या डिपॉझिट घेतात आणि दुपारी फोडाफोडी बंद ठेवायला सांगतात. आमच्याकडे दुपारी २ ते ४ हातोडा बंद.

जागच्या जागी लादी बदलणं, प्लास्टर, नळ बदलणं ही किरकोळ दुरुस्ती धरली जाते, त्याला सहसा महापालिकेची वेगळी परवानगी लागत नाही. पण बाथरूमची जागा हलवायची, बीम किंवा कॉलमला हात लावायचा, भिंत पाडायची म्हटलं की गोष्ट बदलते. आपलं बाथरूम खालच्या माणसाच्या हॉलवर किंवा किचनवर नेता येत नाही. सेस बिल्डिंगमध्ये (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत) किंवा म्हाडाच्या इमारतीत असाल तर आधी तिकडे विचारा.

एक परवानगी कुठल्याच कागदावर नसते. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगून या. आमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या बाथरूमच्या छताचे फोटो मी काम सुरू होण्याआधी त्यांच्यासमोर काढले आणि त्यांना पाठवले. त्या छतावर एका कोपऱ्यात पोपडे आधीपासून होते. नंतर वाद नको.

४ बाय ७ मध्ये बसतो का?

बसतो. दार अरुंद बाजूला असेल तर दार, मग बेसिन, मग कमोड आणि शेवटी खिडकीखाली शॉवर असा क्रम लावा. शेवटची तीन फूट जागा अंघोळीची, म्हणजे ४ बाय ३. त्यापेक्षा लहान केलीत तर साबण उचलायला वाकल्यावर कोपर काचेला लागतं. चार फूट रुंदीत दोन फुटांची काच आणि दोन फूट मोकळी वाट ठेवा. शॉवरच्या आतपर्यंत वॉकर किंवा व्हीलचेअर न्यावी लागणार असेल तर काच लावूच नका, पडदा लावा. पडदा दिसायला साधा वाटतो, पण तो बाजूला सरकतो.

चाळीतल्या खोलीत करता येईल का?

तीन बाय तीनच्या मोरीत काच घालण्यात अर्थ नाही. मोरीचा कठडा काढून जमीन सपाट करायचा विचार असेल तर तोही सोडा. जुन्या लाकडी तुळयांच्या चाळीत मोरीच्या खालची जमीन पाण्याचा भार आणि ओल सहन करत आलेली असते, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

जुनी लादी फोडायलाच हवी का? लादीवर लादी चालत नाही?

शॉवरमध्ये नको. लादीवर लादी लावली की जमीन साधारण पाऊण इंच वर येते, म्हणजे जो उंबरा काढायचा होता तो उलट्या बाजूने तयार होतो, पाणी बाहेरच्या खोलीकडे येतं. शिवाय जुन्या लादीखालचं वॉटरप्रूफिंग मेलेलं असेल तर ते तसंच मेलेलं राहतं. कोरड्या बाजूच्या भिंतींवर चालेल. आम्ही तिथे तसंच केलं.

संक म्हणजे काय आणि तो खोदायचा का?

बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली टाकलेला असतो, बऱ्याचदा नऊ इंच ते फूटभर. त्या खड्ड्यातून ड्रेनेजचे पाइप जातात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हा खड्डा म्हणजे संक. काही जुन्या इमारतींत संक नसतो, पाइप खालच्या घराच्या छताखाली लटकतात. तिथे पाणी जायच्या जाळीची जागा बदलायची तर खालच्यांच्या घरात काम करावं लागतं, हे लक्षात घ्या.

खालच्या छताला ओल नसेल, जाळी आहे तिथेच ठेवायची असेल आणि ढाळासाठी पुरेशी जाडी मिळत असेल तर संक पूर्ण उघडू नका. वरची लादी आणि तिच्याखालचा मसाला काढून तिथूनच सुरुवात करा. ओल असेल, किंवा जाळी हलवायची असेल, तर उघडावाच लागतो. आमचा उघडावा लागला, कारण जाळी दाराजवळ होती आणि आम्हाला ती मागच्या भिंतीशी हवी होती.

किती डेब्रिज निघतं?

लोक हे कमी धरतात. २८ चौरस फुटांचा संक नऊ इंच खोल असेल तर २१ घनफूट माल होतो. वजन साधारण एक टन. पंचवीस-पंचवीस किलोच्या चाळीस गोण्या भरा. त्याहून जड भरू नका, जिन्यात फाटतात. लिफ्टने नेणार असाल तर लिफ्टमध्ये प्लायवूड टाका, वॉचमनला आधी सांगा. हा माल कचराकुंडीपाशी किंवा रस्त्याकडेला टाकला तर दंड होतो. महापालिकेची डेब्रिज उचलायची सोय आहे, वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा. फोडायला भाड्याने ब्रेकर आणू नका. छिन्नी-हातोडा वेळ खातो, पण त्याने स्लॅबला हादरे कमी बसतात आणि हाताला कळतं की आता कोबा संपला, खाली काँक्रीट लागलं.

पाइप कसे असावेत?

जुन्या इमारतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतील तर भिंत उघडलीच आहे तर ते बदला. आतून गंजून त्यांचं भोक शेंगदाण्याएवढं उरलेलं असतं. नवे सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचे. गरम डावीकडे, थंड उजवीकडे. भिंत चार इंची असेल तर आडवी झिरी लांबवर खोल मारू नका, भिंत कमजोर होते. शक्य तितकं उभंच न्या.

डायव्हर्टर म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे जायचं ते वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह. तो किती खोल बसवायचा, यात प्लंबर आणि लादीवाल्याचं भांडण ठरलेलं. डायव्हर्टरवर प्लॅस्टिकचं कव्हर येतं, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीची खूण असते. ती खूण तयार लादीच्या पृष्ठभागाशी जुळायला हवी, प्लास्टरशी नाही. आमचा डायव्हर्टर पाच सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) आत गेला आणि नॉब बसवायला वेगळा एक्स्टेन्शन तुकडा लोहार चाळीच्या बाजारात दोन दुकानं पालथी घालून मिळवावा लागला.

प्लास्टरने झाकण्याआधी सगळी टोकं प्लगने बंद करून पाइप रात्रभर दाबाखाली ठेवा. आणि भिंतीवर टेप धरून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना तो फोटो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

ढाळ किती द्यायचा?

मुंबईचे गवंडी सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत. अंघोळीच्या भागात फुटाला दोन सूत, कोरड्या भागात फुटाला एक सूत. आमच्याकडे कोरडे चार फूट म्हणजे चार सूत आणि ओले तीन फूट म्हणजे सहा सूत, एकूण दहा सूत. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सव्वा इंच. यापेक्षा कमी दिलात तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिलात तर ओल्या लादीवर उभं राहताना पोटऱ्या ताणल्या जातात. म्हाताऱ्या माणसाला ते लगेच जाणवतं.

ढाळ डोळ्याने देता येत नाही. पंचवीस वर्षं काम केलेला गवंडीही पारदर्शक नळी काढतो. ती नळी पाण्याने भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि चारही भिंतींवर जमिनीपासून साधारण तीन फुटांवर एक आडवी रेघ मारून घ्यायची. ही रेघ सपाट. आता जमिनीचं प्रत्येक माप या रेघेपासून खाली मोजायचं: दाराशी ३६ इंच, मागच्या भिंतीशी सव्वासदतीस. मधल्या मापांसाठी मसाल्याचे छोटे ठोकळे करून ठेवायचे आणि पट्टी त्यांच्यावरून ओढायची.

मी तपासायला एक युक्ती केली. चार फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, तिच्या एका टोकाखाली अर्ध्या इंचाचा प्लायवूडचा तुकडा चिकटवला आणि वर स्पिरिट लेव्हल ठेवली. तुकड्याचं टोक उताराच्या बाजूला ठेवायचं. बुडबुडा मध्यावर आला तर फुटाला एक सूत बरोबर. ओल्या भागासाठी दोन फुटी पट्टी आणि तोच तुकडा, म्हणजे फुटाला दोन सूत. गोटी टाकून बघायचा सल्ला सगळे देतात, पण कोब्यावर ती प्रत्येक रेतीच्या कणापाशी अडते.

जाळी मधोमध असेल तर चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि लादी तिरकी कापावी लागते, पाकिटाच्या घड्यांसारखी. मागच्या भिंतीलगत लांबट जाळी घेतली की सगळा ढाळ एकाच दिशेने जातो, मोठी लादीही कापाकापी न करता बसते. स्वतः करणाऱ्याने लांबट जाळीच घ्यावी. तिच्यातले केस दर आठवड्याला काढावे लागतात, तेवढी तक्रार बायकोची आहे.

वॉटरप्रूफिंगला कोणतं केमिकल?

आपल्याकडे कुठल्याही वॉटरप्रूफिंगला लोक डॉ. फिक्सिट म्हणतात, आणि सिमेंटमध्ये डबीभर केमिकल ओतलं की झालं असं समजतात. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २०० मिली टाकायचं ते लिक्विड मसाला घट्ट करतं. कामाचं आहे, पण ते लेप नव्हे. लेपासाठी दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग मिळतं: एक डबा दुधासारख्या द्रवाचा, एक पिशवी पावडरीची. बऱ्याच कंपन्यांचं आहे.

आधी स्लॅब घासून स्वच्छ करा. जिथे भिंत आणि जमीन मिळते तिथे मसाल्याची गोलाई करा, गवंडी तिला वाटा म्हणतात. काटकोनात लेप पहिल्यांदा फाटतो. पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातात तिथे भोवती पॉलिमर घातलेला मसाला ठासून भरा. मग पृष्ठभाग ओला करा, पण पाणी साचलेलं नको. द्रवात पावडर घालायची, पावडरीत द्रव नाही, नाहीतर गुठळ्या होतात. एका वेळी थोडंच कालवा, पिशवीवर दिलेल्या वेळेपलीकडे ते ब्रशखाली ओढलं जात नाही. पहिला कोट उभा, दुसरा आडवा, म्हणजे सुटलेली जागा झाकली जाते. कोपऱ्यांत पहिला कोट ओला असतानाच फायबरची जाळी दाबा.

भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूंना सात फुटांपर्यंत चढवा. शॉवरच्या भिंतीपलीकडे बेडरूमचं कपाट असेल तर हे विसरू नका. संक उघडला असेल तर लेप दोनदा द्यायचा: एकदा खाली स्लॅबवर, आणि कोबा भरून ढाळ झाल्यावर पुन्हा वर. वरचा लेप नसेल तर कोबा स्पंजसारखा भरून राहतो.

पाणी भरून तपासायचं म्हणजे काय करायचं?

हाच या सगळ्या कामाचा खरा टप्पा. तो टाळणाऱ्या कारागिराचं बाकी काम कितीही सुबक असलं तरी त्याला पुढे पैसे देऊ नका.

लेप पूर्ण सुकल्यावर जाळीचं तोंड रबरी टेस्ट प्लगने बंद करा. दारात विटेचा तात्पुरता बांध घाला, त्यालाही लेप लावा. दाराशी इंचभर पाणी राहील इतकं भरा, म्हणजे मागे सव्वादोन इंच होतं. भिंतीवर पाण्याच्या रेषेला मार्करने खूण करा, बाजूला वेळ लिहा. शेजारी एका सरळ कडांच्या डब्यात पाणी ठेवून त्यावरही खूण करा. डब्यातलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत गेलं. बाथरूममधलं त्याहून जास्त उतरलं तर ते दुसरीकडे कुठेतरी गेलं. ४८ तास ठेवा, ७२ ठेवता आलं तर उत्तम.

आमचं पहिल्या रात्रीतच बोटभर उतरलं. सकाळी सहाला टॉर्च घेऊन काकूंकडे गेलो. त्या चहा टाकत होत्या, मी स्टुलावर उभा राहून छताला हात लावून बघत होतो. कोरडं. परत वर आलो, पुन्हा खाली. कोरडंच. पाणी गेलं कुठे ते दुपारी कळलं. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीच्या पायथ्याची पट्टी काळी पडली होती. लेप मी दाराच्या चौकटीपर्यंत आणून थांबवला होता, चौकटीच्या खाली गेलोच नव्हतो. पाणी खालीच जातं असं आपण धरून चालतो. त्याला आडवी वाट मिळाली तर ते आडवं जातं. विशेषतः उंबरा काढल्यावर दाराची ती चार इंच जागा हाच सगळ्यात कच्चा भाग असतो.

बांध फोडला, दारातली जुनी ग्रॅनाइटची पट्टी काढली, लेप तिच्याखालून बाहेरच्या कडेपर्यंत नेला, पुन्हा सुकवला, पुन्हा भरलं. पाच दिवस वाढले. दुसऱ्या वेळी डब्याची आणि भिंतीची खूण सारखीच उतरली. आता तिथे अर्ध्या इंचाची, दोन्ही बाजूंनी उतार घासलेली ग्रॅनाइटची पट्टी आहे. वॉकरची चाकं तिच्यावरून जातात.

लादी कोणती? सिमेंटने लावायची की ॲडेसिव्हने?

जमिनीवर मॅट किंवा अँटी-स्किड. दुकानात हातावर पाणी घेऊन लादीवर टाका आणि अंगठ्याने दाबून घासा. दुकानदार बघत राहील, बघू दे. गुजरातमधल्या मोरबीचा माल सगळीकडे मिळतो, एकाच बॅचच्या पेट्या घ्या आणि कापण्यासाठी दहा टक्के जास्त धरा. फार खडबडीत लादीत साबणाचा मळ बसतो.

व्हिट्रिफाइड लादी जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, म्हणून साध्या सिमेंटच्या मसाल्याला ती नीट धरत नाही. टकटक केल्यावर जिथे पोकळ वाजतं तिथे खाली पाणी साचतं. ॲडेसिव्ह घ्या, गोणीवर आयएस १५४७७ (भारतीय मानक) आणि टाइप २ किंवा त्याच्या वरचा प्रकार बघा. दातेरी थापीने ओढायचं, लादीच्या पाठीलाही पातळ थर लावायचा, दाबायचं. पहिल्या दोन लाद्या लावल्यावर एक उचकटून बघा. पाठ पूर्ण भरली असेल तर पुढे जा.

फटी कशाने भरायच्या?

शॉवरमध्ये एपॉक्सी ग्राउट, म्हणजे फटी भरायचा रेझिनचा मसाला. व्हाइट सिमेंट वर्षभरात पिवळं पडतं. एपॉक्सी महाग आहे आणि चेंगटही, तिघांनी मिळून केलं तरी एकाला सतत स्पंज फिरवत राहावं लागतं. लादीवर सुकलं तर निघत नाही. आमच्या कोपऱ्यातल्या एका लादीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा आहे.

भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे ग्राउट नको, बुरशी न धरणारा सिलिकॉन भरा. तिथे हालचाल होते, ग्राउट तडकतं.

काच कधी मागवायची?

लादी लागून ग्राउट सुकल्यावरच माप घ्या. टफन्ड काच एकदा भाजली की तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापात पाव इंच चुकलं तर काच वाया. भिंत ओळंब्यात नसेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन मापं द्या. ८ मिमी पुरते, १० मिमी जास्त ठाम वाटते. साडेसहा फूट उंच आणि दोन फूट रुंद १० मिमीच्या काचेचं वजन तीस किलो होतं, ती एकट्याने उचलायची वस्तू नाही. वर एक स्टीलचा आडवा रॉड काचेपासून भिंतीपर्यंत घ्या, नाहीतर धक्का लागल्यावर ती थरथरते.

मोठा रेन शॉवर लावू का?

आधी बादली भरून बघा. शॉवरच्या नळाखाली एका मिनिटात किती लिटर येतं ते मोजा. टाकीपासून दहा मीटर खाली असलात तर साधारण एक बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असते, तिथे आठ इंची रेन शॉवरमधून पाणी ओघळतं, पडत नाही. अशा घरी पंप लावायचा तर सोसायटीला विचारा. नाहीतर साधा छोटा शॉवर घ्या.

गीझरचं गणितही करा. तीन लिटरचा, ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मुंबईच्या साध्या पाण्याला अंघोळीइतकं कोमट करून मिनिटाला सव्वातीन लिटरच देऊ शकतो. बादलीला ठीक, शॉवरला नाही. पंधरा लिटरची टाकी ६० अंशांवर तापवली तर थंड पाणी मिसळून अडतीसेक लिटर होतं, मिनिटाला नऊ लिटरच्या शॉवरला चार मिनिटं.

मग बादली कुठे ठेवायची?

शॉवरमध्येच. पाणीकपातीच्या दिवशी शॉवर कोण चालवतं? सात मिनिटांच्या शॉवरला साठ लिटरच्या वर पाणी जातं, म्हणजे तीन-चार बादल्या. डायव्हर्टरखाली जमिनीपासून दोन फुटांवर साधा नळ ठेवाच आणि त्याच्याखाली बादली आणि स्टूल मावेल एवढी जागा सोडा. नुसता शॉवर बसवलेली चकचकीत बाथरूमं मी पाहिली आहेत, तिथे लोक हँड शॉवरने बादली भरत असतात.

विजेचं काय?

हे स्वतः करू नका. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. गीझरचा स्विच बाथरूमबाहेर.

आधाराचा दांडा कुठे?

जमिनीपासून ३४ ते ३५ इंचांवर, पण आधी त्या माणसाला स्टुलावरून उठायला सांगा आणि हात कुठे जातो ते बघा. आईचा हात तीन इंच खाली गेला. भिंत विटेची असेल तर साधे अँकर चालतात, हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे वेगळे अँकर नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळतात. लादीत ड्रिल मारताना मास्किंग टेप लावा आणि लादी पार होईपर्यंत हॅमर मोड बंद ठेवा.

जाळीतून वास आणि झुरळं येतात, काय करू?

जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. गणपतीला दहा-बारा दिवस गावी गेलात की ते सुकतं. जाताना मगभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल टाका. लांबट जाळी घेताना तिच्याखाली ट्रॅप आहे ना ते बघून घ्या, काही स्वस्त जाळ्यांना नसतो.

काचेवर पांढरे डाग पडतात का?

तानसा-भातसा धरणांच्या, म्हणजे महापालिकेच्या पाण्याने कमी, टँकर आणि बोअरिंगच्या पाण्याने भरपूर. अंघोळ झाली की रबरी पट्टी फिरवा. जमलेले डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, मात्र ते दगडी पट्टीवर सांडू देऊ नका.

किती दिवस लागतात? पावसाळ्यात करू का?

आमचे एकतीस झाले, त्यातले पाच माझ्या चुकीचे. नुसत्या वाट बघण्याचे दिवस धरा: कोबा आठवडाभर ओला ठेवायचा, लेप सुकायला पिशवीवर असतील तितके दिवस, तपासणीचे दोन-तीन, ॲडेसिव्हनंतर एक, आणि काच बनून येईपर्यंतचे. पावसाळ्यात काहीच सुकत नाही, आणि खालच्या छतावर ओल दिसली तर ती बाहेरच्या भिंतीतून आली की तुमच्याकडून, हे कळत नाही. दिवाळीनंतर सुरू करा.

खर्च कुठे वाचतो?

लादी लावण्याच्या मजुरीत. काच, डायव्हर्टर आणि लांबट जाळी यांत वाचत नाही, तिथे कंजूषपणा करू नका. लादी स्वस्त घेतलीत तरी चालेल.

नंतर खाली गळती झाली तर खर्च कोणाचा?

तुमच्या बाथरूममधून झाली असेल तर तुमचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत घरातल्या संडास-सिंकमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने करायची, असंच आहे. तपासणीच्या वेळचे मार्करच्या खुणांचे फोटो जपून ठेवा. लादी लागल्यावर त्या खुणा दिसत नाहीत.

काम चालू असताना अंघोळ कुठे करायची?

एकच बाथरूम असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. संडास वेगळा असेल तर निभतं, नाहीतर कमोड काढलेला असेल तितके दिवस नातेवाइकांकडे काढा. आम्ही महिनाभर काकूंकडे अंघोळीला जायचो. बादली, टॉवेल घेऊन जिना उतरायचा, अंघोळ करायची आणि वर येण्याआधी त्यांच्या छताकडे एकदा बघायचं.